वाचकांचे प्रश्न : निराधार मुलांचे घर

प्रश्न (पलूस तालुका) : आमच्या मंडळाकडे पाच खोल्यांचे रिकामे घर आहे. वीसेक निराधार मुले सांभाळायची इच्छा आहे. वर्गणी जमते, स्वयंपाकाला गावातल्या बायका तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : नोंदणीपासून. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 41 प्रमाणे नोंदणी नसताना एकही मूल ठेवता येत नाही. ठेवले तर वर्षापर्यंत कैद किंवा किमान 1 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता म्हणून सुटका होत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा.

तपासणीला येणारे जागा मोजतात. झोपायच्या खोलीत मुलामागे 40 चौरस फूट धरा, म्हणजे वीस मुलांना 800 चौरस फूट. सात मुलांमागे एक संडास, दहा मुलांमागे एक न्हाणीघर. आजारी मुलांची खोली, अभ्यासाची जागा, कोठार वेगळे. पाच खोल्यांत हे बसते का, ते टेप लावून आधीच बघा. तुमचा तालुका कृष्णाकाठचा आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात त्या घरात पाणी शिरले असेल, तर दुसरी जागा शोधा. रात्रीत वीस मुले हलवावी लागतील अशा ठिकाणी त्यांना ठेवूच नये.

मूल परस्पर दाखल करून घेता येत नाही. नातेवाईक दारात आणून सोडोत की सरपंचांची चिठ्ठी येवो, बाल कल्याण समितीचा आदेश हवाच. एकटे मूल सापडले तर 24 तासांच्या आत समिती, पोलीस किंवा 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक यांना कळवणे बंधनकारक आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये बोर्डिंग सुरू केले, तेव्हापासून या भागाला मुलांसाठी धान्य द्यायची सवय आहे. त्यामुळे धान्याला सहसा कमी पडत नाही, अडते ते माणसांपाशी. बोर्डिंगातले पोर दिवाळीला घरी जाते, इथले जात नाही. रात्री दोन वाजता ताप भरला किंवा कुणी अंथरूण ओले केले, तर जागे असलेले, पगारी आणि पोलीस पडताळणी झालेले माणूस लागते. वर्गणीतला पहिला पैसा त्या पगारासाठी बाजूला काढा. फुकटच्या हौसेवर रात्रपाळी चालत नाही, आणि मुलांना दर दोन महिन्यांनी नवीन चेहरा बघावा लागतो. त्याचा त्रास मोठा आहे.

प्रश्न (जत तालुका) : बहीण आणि मेहुणे दोघेही वारले. नऊ आणि बारा वर्षांचे भाचे आजीजवळ आहेत. लोक म्हणतात, बालगृहात घाला.

उत्तर : आजी सांभाळू शकत असतील तर घालू नका. कायद्यातही संस्था हा शेवटचा उपाय आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना 2,250 रुपये मिळतात. दोघांचे मृत्यूचे दाखले, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड आणि बँकखाते तयार ठेवा. अर्ज बहुधा नावांवरून अडतो. आधारवर 'बाळू' आणि शाळेत 'बाळासाहेब' असेल, तर ती दुरुस्ती आधी करून घ्या.

मेहुण्यांच्या नावावर जमीन असेल, तर तलाठ्याकडे वारसनोंद लगेच करा. सातबाऱ्यावर भाच्यांची नावे लागू द्या, आणि सोबत 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा सांभाळ करणारा) म्हणून आजींचे नाव. पुढे वाद होतात ते याच जागी.

प्रश्न (सांगली, बालगृहातील काळजीवाहू ताई) : खरूज महिनाभर औषध लावूनही जात नाही.

उत्तर : ज्याला खाजते त्यालाच औषध लावले जाते, म्हणून जात नाही. लागण झाल्यावर खाज सुटायला काही आठवडे लागू शकतात, तोवर शेजारच्या अंथरुणावर ती पसरलेली असते. डॉक्टरांना सगळ्यांसाठी औषध लिहून द्यायला सांगा. सगळी मुले आणि सगळे कर्मचारी यांना एकाच संध्याकाळी 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत लावायचे. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, कंबर विसरू नका. रात्रभर ठेवून सकाळी अंघोळ. एका आठवड्याने पुन्हा तसेच. त्याच सकाळी कपडे, चादरी कढत पाण्यात धुवा. गोधड्या धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून आठवडाभर ठेवा. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. नवीन पुरळ येत नसेल तर घाबरून रोज औषध चोपडू नका, कातडी आणखी चिडते.

प्रश्न (कऱ्हाड) : मुलाचा वाढदिवस बालगृहात करून फोटो ग्रुपवर टाकले तर चालतील?

उत्तर : नाही. मुलांची ओळख उघड होईल असे काहीही छापणे, दाखवणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. जेवण जरूर द्या, पण आधी अधीक्षकांना फोन करा. एकाच रविवारी तीन घरचा शिरा येतो आणि बुधवारी डाळ संपलेली असते. नियमाप्रमाणे मुलामागे रोज 120 ग्रॅम डाळ लागते, तीस मुलांना 3 किलो 600 ग्रॅम. तूरडाळ, तेल, अंडी, मुलींसाठी पॅड आणि मापाचे आतले कपडे यांची यादी त्यांच्याकडून घ्या, आणि जमले तर दर महिन्याला एकच वस्तू नेमाने पोचवा.