ट्रंक उघडायची घाई नको

खानापूर तालुक्यातल्या एका लेकीचं पत्र आलंय. वय 29, नोकरी पुण्यात, महिन्यातून एकदा गावाकडे फेरी. ती लिहिते:

"आक्का, परवा रविवारी मोबाइलवर एक इंग्रजी सिनेमा बघितला. एक म्हातारा सैनिक वृद्धाश्रमातून गुपचूप निघतो आणि समुद्रापलीकडे जुन्या लढाईच्या जागी जातो. मी इतकी रडले की नवरा घाबरला. नंतर रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कारण माझा आज्जा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालाय. एकाहत्तरच्या लढाईत होता, पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, तिलाच जंगी पलटण म्हणतात. नाव-नंबर घातलेली त्याची काळी ट्रंक अजून पलंगाखाली आहे. त्याला मी एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि कुठल्या परक्या म्हाताऱ्यासाठी ढसाढसा रडले. आता गावी जाऊन सगळं विचारून रेकॉर्ड करून ठेवावं म्हणते. आई म्हणते, आज्जाला छेडू नको, बीपी वाढतंय त्याचं. काय करू?"

लेकी, तो सिनेमा मीही बघितलाय आणि पदर ओला केलाय, तेव्हा लाजू नको. मूळ घटना खरी आहे. 2014 च्या जूनमध्ये बर्नार्ड जॉर्डन नावाचे 89 वर्षांचे गृहस्थ इंग्लंडातल्या होव्हमधल्या वृद्धाश्रमातून बाहेर पडले, अंगावर रेनकोट, आत छातीवर पदकं. बोटीनं फ्रान्सला जाऊन दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईच्या सत्तराव्या स्मरणदिनाला हजर राहिले. इकडे पोलीस त्यांना शोधतायत! ते वर्ष सरता सरता ते गेले, आणि आठवड्याभरात त्यांच्या पत्नीही गेल्या.

रेनकोटाखाली पदकं. माझा अंदाज सांगू? तू तिथंच फुटलीस. कारण तुझ्या घरी तेच पलंगाखाली आहे, आणि त्या ट्रंकेवर पाय लागू नये म्हणून तू लहानपणापासून वळसा घालून गेलीयस. परक्यासाठी रडलीस असं मला वाटत नाही. घरच्या माणसासमोर रडता येत नाही, तो लगेच म्हणतो, "काय झालं गं, पोट दुखतंय काय?" पडद्यावरचा म्हातारा काही विचारत नाही, म्हणून तिथं रडू मोकळं झालं. त्यात अपराध कसला?

रेकॉर्डिंगचं मात्र मला पटत नाही. माझी स्वतःची फजिती सांगते. आमचे थोरले काका दुसऱ्या मराठाचे, 'काळी पाचवी' म्हणतात त्या पलटणीचे. पासष्टच्या लढाईत ही पलटण सतलजच्या काठी हुसैनीवाल्याला होती, तिथं तिचे कमांडिंग ऑफिसर कर्नल नोलन पडले. शाळेत मी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते की पंधरा ऑगस्टला आमचे काका लढाई सांगणार. काका इस्त्रीचा सदरा घालून आले, स्टेजवर सावधानमध्ये उभे राहिले, "बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणाले आणि खाली उतरले. संपलं भाषण. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही, इतकी मूर्ख.

पुढं कितीतरी वर्षांनी, बियाण्याच्या शेंगा फोडत आम्ही सोप्यात बसलो होतो. हात चालू, माना खाली. तेव्हा ते आपणहून म्हणाले, चंदगडकडचा एकजण होता, वाट्याची रम दुसऱ्याला द्यायचा आणि बदल्यात गूळ मागायचा. नाव सांगितलं, थोडं हसले. मग चार-पाच शेंगा फोडून झाल्या तरी गप्पच. त्याचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

तुझ्या आज्जाच्या लढाईचं म्हणशील तर ती छापून आलेली आहे. डिसेंबर 1971, आताच्या बांगलादेशातलं जमालपूर. जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शत्रूच्या पाठीमागे जाऊन बसली. शरण या म्हणून निरोप धाडला तर पलीकडच्या अधिकाऱ्यानं चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिलं. 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. हे सगळं तू आधी वाचून घे, म्हणजे "आज्जा, बांगलादेशात नेमकं काय झालं हो?" असला वार्षिक परीक्षेचा प्रश्न तोंडातून निघणार नाही. नदी ओलांडल्यावर ओले कपडे कुठं वाळवले, दोन वेळा खायला काय मिळायचं, गावाकडनं पत्र यायला किती दिवस लागायचे, असलं काहीतरी विचार. तेही एका वेळी एकच. "काय सांगायचं त्यात, गेलो आणि आलो" म्हणाला, तर "बरं" म्हण आणि चहा टाक.

आणि एक काम अंगावर घे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, कधी औषधासाठी माजी सैनिकांच्या दवाखान्यात जावं लागतं. आजवर आज्जाला कोण नेतं? बहुतेक तुझा भाऊ, गाडीवरून, घाईघाईत. या खेपेला रजा काढून तू ने. बेळगावच्या कॅम्पात असल्या रांगेत दोन म्हातारे भेटले की नाव नंतर, आधी "कुठली पलटण?" मग मराठी, कानडी आणि फौजी हिंदीची जी मिसळ सुरू होते ती ऐकण्यासारखी असते. गुडघेदुखीचं बोलता बोलता एखादा म्हणतो, "तो अमका गेला की हो गेल्या साली." तू दोन पावलं मागं उभी राहा, फाईल हातात धर आणि मोबाइल पर्समध्येच ठेव. घरी जे तुला सांगणार नाही ते तो तिथं दुसऱ्या गणपतला (मराठा पलटणीच्या जवानाला फौजेत गणपतच म्हणतात) सांगेल.

आईचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जुनं निघाल्यावर तो रात्री दचकून उठायला लागला, जेवण टाकलं, तर त्याला म्हातारपणाचा हट्ट समजू नका. त्याच दवाखान्यात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा 14416 या टेलिमानसच्या सरकारी फोनवर बोला, पैसे पडत नाहीत.

तुझ्या पत्रात आज्जीचा उल्लेख एका ओळीत नाही, हे मला खटकलं. ती असेल, तर आधी तिच्याजवळ बस. त्या डिसेंबरात रेडिओ कुणाच्या घरी होता, बातम्या ऐकायला ती कुणाच्या ओट्यावर जायची, तार घेऊन पोस्टमन गल्लीत शिरला की काय व्हायचं, हे तिला आजवर कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आज्जा झोपेत कुणाचं नाव घेतो, हेही तिलाच ठाऊक असणार. सांगितलं तर ऐक, पण ते आज्जापुढं काढू नको.

ट्रंकेला हात लावू नकोस. तो कधीतरी पितळ घासायच्या ब्रासोची डबी शोधायला लागला, तर जुनं फडकं आणून दे आणि तिथंच टेकून बस. जाताना बेळगावातून कुंदा नेणार असशील तर त्याच्या साखरेचं आधी विचार. नाहीतर घरात शेंगा असतीलच, त्या काढ.