वाचकांचे प्रश्न : दॉक-इमने नकार का दिला?

प्रश्न : 'द रेड स्लीव्ह' ही कोरियन मालिका मी नुकतीच पाहून संपवली. सतराही भाग आवडले, पण एक गोष्ट मनाला सलत राहिली. राजवाड्यातल्या साध्या दासीवर, दॉक-इमवर, राजा यी सान एवढे प्रेम करतो, तिचेही मन त्याच्यावर जडलेले दिसते, आणि तरीही ती त्याला पुनःपुन्हा नकार देते. मृत्युशय्येवर तर ती म्हणते की पुढल्या जन्मी मी दिसले तरी ओळख देऊ नका. हा हट्ट म्हणायचा की निष्ठुरपणा? – एक वाचक

उत्तर : आपल्याला जे सलले, तोच मला या मालिकेचा कणा वाटतो. राजघराण्यातल्या प्रेमकथांत राजाच्या मनात कोण आहे, एवढाच प्रश्न बहुधा असतो. इथे त्याचे उत्तर लवकरच मिळते, आणि मग राजाची पत्नी झाल्यावर दॉक-इमजवळ तिचे स्वतःचे असे काय उरेल, हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

तिच्याजवळ जे आहे ते मालिका सावकाश, जीव लावून दाखवते. कोरियातल्या जोसॉन राजवंशाच्या काळात मुली लहानपणीच राजवाड्यात दाखल होत, वर्षानुवर्षे शिकून तयार होत आणि त्यांचे बहुतेक आयुष्य त्या भिंतींच्या आतच जाई. परपुरुषाशी संबंध ठेवणाऱ्या दासीला कायद्याने देहान्ताची शिक्षा होती. मालिकेचे नावही या बंधनावरूनच आले आहे, कारण दासींच्या बाहीची लाल किनार ही 'राजाची स्त्री' असल्याची खूण म्हणून तिथे सांगितली जाते. एवढ्या बंदिस्त जगातही दॉक-इम कादंबऱ्यांच्या नकला उतरवून चार पैसे मिळवते, इतर दासींना गोष्टी रंगवून वाचून दाखवते, तीन जिवाभावाच्या मैत्रिणींबरोबर हसते-भांडते, आणि कामाची पाळी संपली की थोडा वेळ खरोखर तिचा असतो. उपपत्नी झाली की दर्जा वाढतो, पण काम सुटते, मैत्रिणींशी पूर्वीसारखे वागता येत नाही आणि दिवसभर दालनात बसून राजाची वाट पाहणे एवढेच हाती राहते. राजाला मात्र या प्रेमासाठी काहीही सोडावे लागत नाही. थोडे असलेल्या माणसाने ते थोडे जपले, तर त्याला निष्ठुर म्हणणे मला जमत नाही.

दॉक-इम साकारणाऱ्या ली से-यॉन्गचा अभिनय या ठिकाणी फार मोलाचा आहे. नकार देताना तिच्या चेहऱ्यावर प्रेम लपत नाही आणि नकारही डळमळत नाही. दोन्ही एकाच वेळी दिसतात, आणि समोर ली जुन-होच्या यी सानला पहिलेच ओळखू येते, दुसरे समजायला आयुष्य जाते. त्या अखेरच्या संवादात ती आणखी एक गोष्ट सांगते, ती कृपया पुन्हा ऐकावी : मनापासून नको असते तर आपण कसेही करून पळून गेलो असतो, राहणे ही आपलीच निवड होती. माझ्या दृष्टीने ही तिची कबुली आहे, आणि ती तिने स्वतःच्या शब्दांत दिली आहे.

प्रश्न : हे नकार खरे घडले होते, की आजच्या प्रेक्षकांना आवडावे म्हणून घातले आहेत? – एक वाचक

उत्तर : खरे घडले होते, आणि ते स्वतः राजानेच लिहून ठेवले आहे. यी सान म्हणजे जोसॉनचा राजा जॉन्गजो, ज्याने 1776 ते 1800 राज्य केले. दॉक-इम म्हणजे त्याची उपपत्नी उइबिन सॉन्ग. तिच्या मृत्यूनंतर त्याने तिच्या समाधीसाठी लिहिलेल्या लेखात म्हटले आहे की आपण 1766 मध्ये, म्हणजे राजपौत्र असताना, तिला प्रथम मागणी घातली तेव्हा, तुमच्या पत्नीला अजून मूल झालेले नसताना मी हे धाडस करणार नाही, असे तिने रडत सांगितले आणि जिवाची शपथ घेऊन नाकारले. त्याने तेव्हा तिच्यावर जबरदस्ती केली नाही. पंधरा वर्षांनी त्याने पुन्हा विचारले, तिने पुन्हा नाकारले, आणि या वेळी त्याने तिच्या नोकराला शिक्षा केल्यावरच ती तयार झाली.

नोकराला झालेल्या शिक्षेचे ते एक वाक्य वाचल्यापासून मला या प्रेमकथेकडे निखळ गोडव्याने पाहता आलेले नाही. राजाचा शोक खरा आहे, त्या लेखाच्या ओळीओळीत तो जाणवतो; पण नकाराचे कारण आपल्यापर्यंत येते ते नकार मिळालेल्या पुरुषाच्या लेखणीतून. पत्नीविषयीचा आदर हे कारण खरेच असेल, किंवा राजापुढे उच्चारता येण्याजोगे तेवढेच असेल. मालिकेने न उच्चारलेले कारण कल्पनेने भरून काढले आहे. ते इतिहास म्हणून घेऊ नये, पण इतिहासातल्या नेमक्या रिकाम्या जागी ते बसवलेले आहे, हे लेखनाचे मोठे यश मानावे लागेल. दासींची गुप्त संघटना आणि तिचे कारस्थान मात्र शुद्ध काल्पनिक आहे, आणि मला ते कथेवर ओझे झाल्यासारखे वाटले.

प्रश्न : यी सान एवढा कडक आणि सावध का दाखवला आहे? – एक वाचक

उत्तर : 1762 च्या उन्हाळ्यात त्याचे आजोबा, राजा यॉन्गजो, यांनी त्याच्या वडिलांना, युवराज सादो यांना, तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडण्याची आज्ञा दिली आणि आठ दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा मुलगा अवघ्या नऊ-दहा वर्षांचा होता, आणि पुढची चौदा वर्षे त्याला त्याच आजोबांच्या मर्जीत राहायचे होते.

प्रश्न : मालिका संपल्यावर दॉक-इमचे काय उरले आहे हे जाणून घ्यावेसे वाटते. – एक वाचक

उत्तर : तिला 1782 मध्ये मुलगा झाला, मुन्ह्यो. तोच पुढे युवराज ठरला, आणि 1786 मध्ये, चार वर्षांचाही झाला नसताना, गोवराने गेला. त्यानंतर काही महिन्यांत, गरोदर असतानाच, तीही गेली. तिला मुलाजवळ पुरले गेले. ती जागा आजच्या सोलमधल्या ह्योचांग उद्यानात येते. कोरियावरच्या जपानी राजवटीने 1944 मध्ये तिथल्या समाध्या सॉसामनुंग या राजघराण्याच्या दफनभूमीत हलवल्या, आणि आता मायलेकांच्या समाध्या एकमेकींपासून दूर आहेत.

मालिकेच्या शेवटाकडे म्हातारपणाकडे झुकलेला राजा तिचे दासीपणाचे कपडे हातात घेतो आणि ते किती लहान आहेत, हे पाहून थबकतो. तो प्रसंग कल्पित असला, तरी तिच्या हातची एक वस्तू खरोखर टिकली आहे. 1773 मध्ये राजाच्या बहिणी चॉन्गयॉन व चॉन्गसॉन यांनी काही दासींसह एका प्रदीर्घ कादंबरीची हस्तलिखित नक्कल केली. कोणती पाने कोणाच्या अक्षरातली, याच्या नोंदी त्या प्रतीत आहेत आणि त्यांत उइबिनचे अक्षरही आहे. मालिकेतल्या तिच्या मैत्रिणींची नावे, यॉन्गहुई, क्यॉन्गहुई आणि बोग्यॉन, याच नोंदींतून घेतलेली आहेत. पहिल्या नकाराला तेव्हा सात वर्षे झाली होती, दुसरा अजून व्हायचा होता, आणि ती मैत्रिणींबरोबर बसून दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट उतरवून घेत होती.