उंटाच्या चालीचे अरबी शब्द

‘अरबीत उंटाच्या चालण्याला म्हणे डझनावारी शब्द आहेत. खरं की गप्पा? आणि मराठीत त्यांना काय म्हणायचं?’ असा प्रश्न आला आहे.

शब्द खरेच आहेत, पण ते समानार्थी नाहीत. आंतरजालावरच्या याद्या नेमकं हेच विसरतात. बसऱ्याचा भाषापंडित अल्-अस्मई याने लावलेला क्रम पुढे अकराव्या शतकात निशापूरच्या सआलिबीने नोंदवून ठेवला. मान लांबवून ऐसपैस चालणं म्हणजे ‘अनक’ (मान म्हणजे ‘उनुक’). त्याहून किंचित वेग चढला की ‘तज़य्युद’. आपले ‘जादा’ आणि ‘जास्त’ ज्या ‘ज़ियादा’पासून आले, त्याच धातूचा हा शब्द. त्याच्या वर ‘ज़मील’, त्याहून वर ‘रसीम’, म्हणजे जमिनीवर ठसे उमटवत जाणारी चाल. पावलं आखूड पण भराभर पडू लागली तर ‘हफ्द’. शहामृगासारखे पाय फेकत जाणं हे ‘वख्द’. थोडक्यात, कुठे वेग मोजलाय, कुठे पावलाची लांबी, कुठे नुसती ढब.

सगळ्या पंडितांचं एकमत मात्र नाही. दुसरे एक भाषापंडित नज़्र इब्न शुमैल यांची यादी ‘दबीब’पासून, म्हणजे रांगल्यासारख्या चालीपासून सुरू होते आणि ‘इर्काल’ या वेगवान चालीवर संपते.

हे शब्द कोशातच पडून होते असंही नाही. हजयात्रेत मक्केजवळच्या अराफातहून परतताना पैगंबर कसे चालले होते, असं त्यांचे सहकारी उसामा इब्न ज़ैद यांना विचारलं गेलं. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमध्ये, उसामांचं उत्तर आहे: ‘अनक’ चालीने, आणि मोकळी जागा मिळाली की ‘नस्स’. जनावराला पुरत्या वेगाने हाकणं म्हणजे नस्स. दोनच शब्दांत गर्दी आणि तिच्यातली फट दोन्ही दिसतात! (आजच्या अरबीत ‘नस्स’ म्हणजे मजकूर, संहिता.) इस्लामपूर्व कवी तरफा तर आपल्या सांडणीबद्दल सांगतो की मी म्हटलं तर ती इर्काल करते, नाही म्हटलं तर करत नाही, धाक असतो तो पिळदार चामडी चाबकाचा.

मराठीत अशी बारकाई घोड्याच्या वाट्याला आली: दुडकी, चौखूर. ‘इर्काल’ला ‘दौड’ म्हटलं तर चालेल. ‘दुडकी’ मात्र नको. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय, म्हणजे एका अंगाचा पुढचा आणि दुसऱ्या अंगाचा मागचा, जोडीने पडतात. तशा वेगात उंट एका अंगाचे दोन्ही पाय बरोबर टाकतो.