बोटीवरचं वायफाय : कुणी घ्यावं, किती घ्यावं

सुट्टीसाठी क्रूझचं बुकिंग केलेल्यांची पत्रं या वेळी बरीच आली आहेत आणि फिरून फिरून सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी येते, नेटचं काय? क्रूझवर इंटरनेटच्या काउंटरमागे उभं राहून मी पोट भरलेलं असल्यामुळे संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. त्यातली काही पत्रं घेते.

डोंबिवलीहून एक काकू विचारतात : आम्ही सहाजण सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या क्रूझला निघालोय. मी, हे, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. एजंट म्हणतो, माणशी एक वायफाय पॅकेज आत्ताच घ्या, बोटीवर महाग पडेल. मुलगा म्हणतो, एकच घेऊ आणि हॉटस्पॉट लावू. कुणाचं ऐकू?

काकू, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. ‘आत्ताच घ्या’ हे एजंटचं म्हणणं बरोबर आहे. निघण्याआधी कंपनीच्या ॲपवरून घेतलेलं पॅकेज बोटीवर चढून घेतलेल्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त मिळतं. पण माणशी एक कशाला? पॅकेज उपकरणावर असतं, आणि ‘एक उपकरण’ म्हणजे एका वेळी एक. तुमच्या फोनवरून लॉगआउट केलं की त्याच पॅकेजवर सूनबाईंचा फोन चालतो. मोठ्या कंपन्यांमध्ये हे सर्रास चालतं. फक्त आधीच्या फोनवरून नीट बाहेर पडायचं. काउंटरवर येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच असायच्या: नवऱ्याचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला, लॉगइन त्याच्यावर अडकलेलं आणि बायको आमच्यासमोर फोन नाचवत, ‘पैसे भरलेत आम्ही!’

मोठ्या जहाजांवर एका उपकरणाला दिवसाला साधारण १५ ते ३० डॉलर पडतात. २० धरले तरी सहा फोनांचे चार दिवसांचे ४८० डॉलर झाले, म्हणजे ४० हजारांच्या घरात. तेवढ्यात नातवंडांची आणखी एक छोटी सहल होईल.

आता चिरंजीवांचा हॉटस्पॉट. आयफोन वायफायवरून आलेलं नेट हॉटस्पॉटने पुढे देत नाही. काही अँड्रॉइड फोन देतात, पण कंपनीच्या अटींत ते बसत नाही. घरून छोटा राऊटर नेऊ असं म्हणत असतील तर तेही नको. कित्येक कंपन्यांच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत तो इस्त्री आणि किटलीच्या शेजारी आहे. चढतानाच्या तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात.

मी तुमच्या जागी असते तर दोन पॅकेजेस घेतली असती. एक मुलगा-सुनेत, दुसरं तुम्हा दोघांत. नातवंडांना काही घेऊ नका. त्यांचे कार्टून आणि खेळ घरीच डाउनलोड करा, चार दिवस आईबापांचा जीव खाणार नाहीत. ‘आजोबा कुठे गेले?’ यासाठी पॅकेज लागत नाही. कंपनीचं ॲप बोटीच्या वायफायवर पॅकेजशिवाय चालतं, त्यात दिवसाचे कार्यक्रम, जेवणाच्या वेळा दिसतात. त्यातला आपापसात चॅट करायचा भाग काही कंपन्यांत फुकट आहे, काहींत थोडे डॉलर घेतात. आणि पेनांगला बोट स्वेटनहॅम धक्क्याला लागते. बाहेर पाऊल टाकलं की जॉर्ज टाउन. तिथे मलेशियाचा रोमिंग पॅक किंवा ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच उतरवायचं सिम) घेऊन पोटभर फोटो पाठवा.

नाशिकहून एक दादा : वायफाय घ्यायचंच नाही असं ठरवलंय. फोन नुसता जवळ ठेवला तर काही खर्च येईल का?

हो, आणि पॅकेजपेक्षा जास्त येऊ शकतो. हा प्रश्न दोनच जणांनी विचारलाय, खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा होता.

बोट किनाऱ्यापासून पुरेशी लांब गेली की तिच्यावरची स्वतःची मोबाईल यंत्रणा चालू होते. बंदरात ती बंद असते. तुमचं सिम टॉवर शोधतच असतं, ते बोटीच्या यंत्रणेला जाऊन चिकटतं. फोनवर वर नेटवर्कचं नाव बदलतं, कधी ‘सेल्युलर ॲट सी’ अशासारखं काहीतरी येतं, पण तिकडे लक्ष कुणाचं असतं? ही जोडणी उपग्रहावरून जाते. तिचे दर समुद्री रोमिंगचे, आणि ‘मलेशिया-थायलंड’ म्हणून घेतलेल्या पॅकमध्ये ती धरलेली नसते. डेटा रोमिंग चालू राहिलं तर रात्री तुम्ही झोपलेले असताना फोन मुकाट्याने दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत बसतो. घरी आल्यावर बिल बघून लोक आम्हाला मेल करायचे. पण ते बिल मोबाईल कंपनीचं, बोटीच्या काउंटरला त्यात हात घालता येत नाही.

उपाय सोपा आहे. बोट धक्क्यावरून सुटायच्या आधी फ्लाइट मोड. वायफाय घेतलं असेल तर फ्लाइट मोड तसाच ठेवून वायफायचं बटण वेगळं चालू करायचं. सिंगापूरहून निघताना आणखी एक गंमत होते: सामुद्रधुनीच्या पलीकडे इंडोनेशियाचं बाताम आहे, फोन तिथलाही टॉवर पकडतो. पॅकमध्ये इंडोनेशिया नसेल तर तेही निराळं लागतं. म्हणून सांगते, दिवे लांब जाईपर्यंत थांबू नका.

सांगलीहून एक निवृत्त बँक अधिकारी : समुद्रावर ओटीपी येतो का?

काका, फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येणार नाही हे धरूनच चाला. काही बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात, तुमची पाठवते का ते आधी बघून घ्या. विजेचं बिल, विम्याचा हप्ता घरून भरून निघा. परतीच्या विमानाचं चेक-इन बंदराच्या दिवशी करा. बोटीवर रोख लागतच नाही, चढताना कार्ड नोंदवलं की सगळं खात्यावर लिहिलं जातं. आणि तिथे फोन रीसेट करून व्हॉट्सॲप नव्याने टाकायचा घाट घालू नका. पडताळणीचा कोड त्याच एसएमएसने येतो.

पुण्याहून एक ताई : रजा शिल्लक नाही. रोज दोन व्हिडिओ मीटिंग्ज असतात. क्रूझवरून जमेल का? जाहिरातीत तर ‘घरासारखा वेग’ लिहिलंय.

कुठल्या बोटीवर आणि कुठल्या समुद्रात, यावर आहे. मी लागले तेव्हा नेट मिनिटावर विकलं जायचं, ७५ सेंटला मिनिट. लोक ईमेल आधी लिहून ठेवायचे, लॉगइन करायचे, पाठवायचे, बाहेर. लॉगआउट न करता नुसतं लॅपटॉपचं झाकण मिटणाऱ्यांची मिनिटं गळत राहायची आणि सकाळी माझ्या काउंटरवर महाभारत. तेव्हाचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तुमचा प्रश्न वर जाऊन खाली आणि उत्तर पुन्हा वर जाऊन खाली यायला अर्धा सेकंद. ईमेलला चालतं. मीटिंगमध्ये दोघं एकदमच बोलायला लागतात आणि एकदमच गप्प होतात. मग सुमारे आठ हजार किलोमीटरवरचे ओथ्रीबी नावाचे उपग्रह आले, थोडा जीव आला. ऑगस्ट २०२२ मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने आपल्या बोटींवर स्टारलिंक हे उपग्रहावरचं इंटरनेट बसवायचं जाहीर केलं, पाठोपाठ बाकीचे गेले. ते उपग्रह पाच-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे तो रेंगाळणारा अर्धा सेकंद गेला. अशा बोटीवर व्हिडिओ मीटिंग होते, मी बघितलंय.

तरी तीन-चार गोष्टी तपासा. स्वस्त पॅकेज बहुधा सोशल मीडिया आणि मेसेजपुरतं असतं. त्यात व्हिडिओ कॉल अडवलेले असतात आणि ऑफिसचा व्हीपीएनही (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) अडकू शकतो. तुम्हाला वरचं पॅकेज लागेल. जहाज पोलादी असल्याने वायफाय कॉरिडॉरमध्ये छान आणि केबिनच्या कोपऱ्यात रडत, असं होतं. पहिल्याच दिवशी मीटिंगची जागा हेरून ठेवा. मोकळी कॉन्फरन्स रूम मिळाली तर सोनं, लायब्ररीही चालेल. बुफेजवळ बसू नका, काट्या-चमच्यांचा आवाज बॉसला बरोबर ऐकू जातो. बंदर नसलेल्या दिवशी नाश्ता उरकला की सगळी बोट एकदम नेटवर बसते. पहाटे रस्ता मोकळा असतो.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला निघत असाल तर परदेशी बोटींच्या जाहिरातींवरून अंदाज बांधू नका. आपल्या सागरी हद्दीत उपग्रहावरून इंटरनेट द्यायचं तर २०१८ च्या नियमांनुसार इथला परवाना लागतो. त्यामुळे तिकडे बोटीवर जे आहे ते इकडे तसंच असेल असं नाही. बुकिंग करताना ‘भारतीय हद्दीत कोणतं नेट, व्हिडिओ कॉलसकट का’ हे लेखी विचारा. गुळमुळीत उत्तर आलं तर रजा टाका. खरं सांगायचं तर उत्तर चांगलं आलं तरी टाका.

देवगडहून एक आई : मुलगा आठ महिन्यांच्या करारावर क्रूझवर वेटर म्हणून लागलाय. आठवड्यातून एकदा, तेही दोन मिनिटं फोन करतो. म्हणतो नेट महाग आहे. प्रवाशांना तर भरपूर नेट देतात म्हणे. खरं सांगतो ना तो?

वहिनी, खरं सांगतोय. खात्याबाहेरच्या माणसाला हे पटत नाही, पण प्रवाशांचं नेट आणि क्रूचं नेट वेगळं. कित्येक बोटींवर क्रूला आपल्या पगारातून पॅकेज घ्यावं लागतं. दर प्रवाशांपेक्षा कमी असतो, पण घरी पैसे पाठवणारा पोरगा तेही मोजूनच घेतो. त्यांच्या केबिन खाली, पाण्याच्या पातळीच्या आसपास. दोघांत एक खोली. तिथे सिग्नल कसा असणार? आमची पोरं बंदरात तासाभराची सुट्टी मिळाली की जेट्टीसमोरचं फुकट वायफायवालं हॉटेल गाठायची. फुटपाथवर भिंतीला टेकून रांगेने बसलेले युनिफॉर्ममधले चेहरे, प्रत्येकजण आपल्या भाषेत बोलतोय. पर्यटकांना वाटायचं काही संप वगैरे आहे की काय. मोठ्या बंदरांत खलाशांसाठीचे क्लबही असतात, ‘मिशन टू सीफेअरर्स’, ‘स्टेला मारिस’ यांसारख्या संस्थांचे. तिथे बसायला जागा आणि नेट मिळतं. त्याला विचारा, माहीत आहेत का.

शिवाय घड्याळ. तो मायामीच्या बाजूला असेल तर उन्हाळ्यात आपण त्याच्या साडेनऊ तास पुढे. त्याची रात्रीची जेवणं उरकून दहा वाजतात तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेसात, म्हणजे तुमची डब्यांची घाई. दिवसाला दहा-अकरा तास पायांवर उभा राहिलेला मुलगा तेव्हा दोन मिनिटंच बोलतो. फोनची वाट बघू नका, व्हॉइस मेसेज ठेवत जा. कमी डेटा लागतो आणि तो पहाटे कानाला लावून ऐकतो. व्हिडिओ मात्र पाठवू नका, गणपतीच्या आरतीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ त्याचं आठवड्याचं पॅकेज खाऊन टाकेल.

एक गोष्ट त्याला जरूर सांगा. खलाशांच्या हक्कांचा ‘मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन’ हा आंतरराष्ट्रीय करार वेटर, केबिन स्ट्युअर्ड सगळ्यांना लागू आहे. त्यातली दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली आहे. घरच्यांशी संपर्क ठेवायची सोय देणं, शक्य तिथे इंटरनेट देणं आणि पैसे घेतलेच तर वाजवी घेणं, असं तीत आहे. बोटीवर ज्या देशाचा झेंडा, त्याचे नियम तिला लागतात; आणि बहामा आणि पनामा, ज्यांचे झेंडे बऱ्याच क्रूझवर दिसतात, दोघांनीही हा करार स्वीकारलेला आहे. लगेच भांडायला जायचं नाही. पण क्रूच्या बैठकीत दर विचारायला तोंड उघडायला हरकत नाही, एकट्याने नाही, चौघांनी मिळून.

कोल्हापूरहून एक वाचक : नेट चाललं नाही तर पैसे परत मिळतात का?

मागितले तर, आणि वेळेवर मागितले तर. कुठल्या डेकवर, किती वाजता, काय उघडत नव्हतं ते लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी काउंटरवर जा. काउंटरच्या माणसाला तुमच्या लॉगइनचा वापर समोर दिसतो. तासभर प्रयत्न करून काही मेगाबाइटच गेले असतील तर त्यालाही वाद घालता येत नाही, आणि पैसे नाहीतर एखादा दिवस वाढवून मिळतो. शेवटच्या सकाळी मात्र जाऊ नका. तेव्हा काउंटरसमोर अर्धी बोट आपापली बिलं घेऊन उभी असते आणि तुमच्या मागचा माणूस सुटकेस ढोपराला लावून पुढे ढकलत असतो.