नेपाम डेथ या बँडचा 'स्कम' हा अल्बम ऐकण्यासारखा आहे का, की नुसता गोंगाट?

गोंगाट आहेच, पण ऐकण्यासारखा. मी परभणीचा. पहिल्यांदा हा ऐकला तो जिंतूरच्या एसटीत, अगदी मागच्या सीटवर. खिडकीच्या काचा खडखडत होत्या. काचा कुठं संपतात अन् ड्रम कुठं सुरू होतो हेच पाच मिनिटं कळेना.

बँड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा, अल्बम १९८७ चा. गाणी २८, वेळ सगळी मिळून साधारण ३३ मिनिटं. 'यू सफर' तर जेमतेम सव्वा सेकंदाचं, शिंक यावी तेवढंच. मला वाटलं मोबाईल अडकला, म्हणून दोनदा मागं घेतलं.

गंमत म्हणजे रेकॉर्डच्या दोन बाजू वादकांच्या दोन वेगळ्या संचांनी वाजवल्यात. दोन्हीकडं कायम आहे तो एकटा ड्रमर मिक हॅरिस. मला पहिली बाजू लई आवडते. तिथं जस्टिन ब्रॉडरिकची गिटार मधूनच संथ अन् जड होते, भरलेला ऊसाचा ट्रक घराजवळून जावा तशी. त्यामुळं पुढचा वेग अंगावर येतो. दुसरी बाजू नुसती पळते. मला तिचा दम लागतो. गळ्यातले शब्द कळणार नाहीत, पण कागदावर वाचा. बड्या कंपन्यांवरचा राग आहे, उगाच रक्तामांसाच्या गोष्टी नाहीत.

हेडफोनवरच ऐका. मी एकदा घरी स्पीकरवर लावला तर आजी आतून ओरडली, "गिरणीत खडा गेला का रे?"