वाचकांचे प्रश्न : बेळगाव चालत बघायचं तर सुरुवात कुठून?

प्रश्न : आम्ही खानापूरचे. बेळगावला जन्मभर येणं-जाणं, पण ते दवाखाना, कोर्ट नाहीतर लग्नाचा बस्ता, गाव म्हणून कधी बघितलंच नाही. आता पुण्याची भाची यायलीय, ती म्हणते मावशी रिक्षा नको, चालतच फिरू. माझे गुडघे बेताचे. अर्ध्या दिवसात काय होईल?

उत्तर : ताई, होतंय की! सकाळच्या बसनं या आणि आधी किल्ला उरका, स्टँडच्या समोरच आहे आणि ऊन चढल्यावर तिथं मजा नाही. भुईकोट असल्यामुळे चढ-बिढ काही नाही, गुडघ्यांची काळजी सोडा. आत १२०४ सालची कमल बस्ती आहे, तिथं नेमिनाथाचं दर्शन घ्या आणि मग मान वर करून छताचं दगडी कमळ सावकाश बघा, ७२ पाकळ्या, म्हणजे मागचे, आत्ताचे आणि पुढचे असे तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर. लोक दोन मिनिटात बाहेर पडतात, राग येतो. तिथंच सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम, १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद त्या जागी राहिले होते.

मग पेठेत शिरा. शनिवार खूट, खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली. इथं रिक्षात बसलात तर गर्दीत अडकून बसाल, त्यापेक्षा पाय बरे. पाट्या बऱ्याचशा कन्नडमध्ये आहेत, भाचीला वाचता येणार नाहीत आणि मॅप गल्लीबोळात गडबडतोय, त्यामुळे सरळ दुकानदाराला गल्लीचं नाव विचारा, मराठीतच सांगतात. किर्लोस्कर रोड लागला की भाचीला सांगा, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावातच सायकलींचं दुकान काढलं होतं, किर्लोस्करवाडी वगैरे १९१० नंतरचं. पुण्याच्या लोकांना हे माहीत नसतंय.

पुढं कपिलेश्वराचं देऊळ, आणि पाय चालत असतील तर टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. १९२४ च्या अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ती खणली, आणि गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाला. दमलात तर हा शेवटचा टप्पा रिक्षानं करा, भाची काय म्हणेल ते म्हणू दे.

कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, शेवटी घ्या, आधी घेतलात तर किलोभर वजन दिवसभर हातात.

प्रश्न : त्याच दिवशी कँप पण होईल काय? मिस्टरांना बघायचाय.

उत्तर : नको. कँप म्हणजे लष्करी छावणीचा भाग, सरळ रस्ते, मोठी झाडं, सेंट मेरी चर्च, मिलिटरी महादेव, ते निवांत फिरायचं काम, गल्ल्या तुडवून आल्यावर कुणी बघत नाही. मिस्टरांना दुसऱ्या दिवशी वेगळं आणा, आणि लष्कराच्या हद्दीत मोबाईल काढून फोटो घेत बसू नका म्हणावं.