वाघ झोपलेला असला तरी चालेल

प्रश्न : काकू, माझा मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. मे महिन्यात बाहेरगावी एका प्राणीसंग्रहालयात गेलो होतो. रविवार, त्यात तोबा गर्दी. वाघ झोपलेला, बाबांच्या खांद्यावर बसून मुलांना जेमतेम शेपूट दिसली. माकडांच्या पिंजऱ्याशी लोक शेंगदाणे फेकत होते, ओरडत होते. मुलगी म्हणाली, "आई, ते माकड रडतंय." सगळे चिडून परतलो. आता दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन राणीच्या बागेत जायचं चाललंय. त्यांचे गुडघे दुखतात. मुलांना न्यावं का? नेलं तर कसं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : न्या, जरूर न्या. पण आधी तुमच्या लेकीबद्दल बोलते. तिने बरोबर पाहिलं. माकड ओठ मागे ओढून दात दाखवतं, तेव्हा बघणाऱ्यांना वाटतं ते हसतंय. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं. पन्नास मोठ्या माणसांना जे कळलं नाही ते पाच वर्षांच्या मुलीला कळलं. हे तिला सांगा. आणि हेही सांगा, की प्राण्यांना चिडवायला, खायला घालायला, गोंगाट करून त्रास द्यायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. पुन्हा कुणी शेंगदाणे फेकताना दिसलं तर वाद घालू नका, जवळच्या सुरक्षारक्षकाला बोलवा. मुलांसमोर बोलवा.

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी सातवीची मुलं घेऊन राणीच्या बागेत गेले. सुरुवातीची काही वर्षं मुलांच्या हातात यादी द्यायचे, प्राणी दिसला की खूण करायची. मुलं पळत सुटायची. यादी पुरी व्हायची, पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तर कुणाला काही सांगता यायचं नाही. मग यादी बंद केली. एका फेरीत दोनच प्राणी, प्रत्येकापाशी अर्धा तास, असं ठरवलं. तुम्हालाही तेच सांगेन.

पहिला प्राणी पाणघोडा घ्या. वाघापुढे गर्दी असते, पाणघोड्यापुढे लोक दोन मिनिटं थांबतात, "काही दिसत नाही" म्हणतात आणि निघतात. थांबायचं ते त्यांच्यानंतर. पाण्याखाली गेला की त्याच्या नाकपुड्या झडपेसारख्या मिटतात. वर आला की आधी त्या उघडतात, फुस्सकन हवा सुटते, मग दोन्ही कान भिरभिरतात आणि पाण्याचे थेंब उडतात. मुलाच्या हातात घड्याळ द्या आणि तो किती वेळ खाली राहतो ते मोजायला सांगा. माझ्या नातवाने मोजलं तेव्हा पावणेतीन मिनिटं भरली होती आणि तेवढा वेळ तो स्वतः श्वास धरायचा प्रयत्न करत होता. दुसरा प्राणी लेकीला निवडू द्या. वाघ निवडला आणि तो झोपलेला असला तरी चालेल. झोपेत पोट कसं वरखाली होतं, माशी बसली की कातडी कशी थरथरते, हे जागा वाघ तुम्हाला दाखवणार नाही.

आता जायचं कसं. बुधवारी बाग बंद असते. प्राण्यांनाही आठवड्यातून एक दिवस माणसांपासून सुट्टी हवी, म्हणून नियमच तसा आहे. रविवार टाळा. डोंबिवलीहून फास्ट लोकलनेच या, ती भायखळ्याला थांबते. पूर्वेला उतरून सासूबाईंसाठी टॅक्सी करा, अंतर थोडं असलं तरी त्यांचे गुडघे आत चालायला राखून ठेवा. सकाळी दार उघडतानाच पोहोचा, कारण उन्हं चढली की बहुतेक प्राणी सावली धरून आडवे होतात.

सासूबाईंनी सगळीकडे फिरायचा आग्रह धरू नका. त्या बागेत झाडंच अशी आहेत की बाकावर बसूनही दिवस सार्थकी लागतो. गोरखचिंचेचा बुंधा त्यांना दाखवा. ब्रह्मदेशातल्या उर्वशीचं झाडही तिथे आहे. तिच्या लालचुटूक फुलांचे घोस साधारण जानेवारीनंतर लोंबतात, त्यामुळे दिवाळीत फूल मिळणार नाही, पण झाड ओळखून ठेवता येईल. काळा घोडाही इथेच आहे. ज्या पुतळ्यावरून फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं, तो १९६५ साली इथे आणला. सासूबाई मुंबईच्या असतील तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ निघेल. आमच्या लहानपणी इथे हत्तीवर बसून फेरी मारता यायची. मीही मारली आहे. हत्तीच्या पाठीवरचे राठ केस पोटऱ्यांना टोचायचे, ते अजून आठवतं. आता ती फेरी नाही, आणि नाही तेच बरं. नातवंडांना हे आजीकडून कळू दे, तिच्या शेजारी बसून.

डबा घरचा न्या, तो बागेबाहेर पडल्यावर उघडा. आणि दोन वाजायच्या आत परत फिरा. मुलं "अजून थोडा वेळ" म्हणत असतानाच.

प्रश्न : नात विचारते, पेंग्विनला मुंबईत उकडत नाही का? काय सांगू?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यातले पहिले २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले. पण ही जात मुळात बर्फातली नाहीच. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, वाळवंटाच्या कडेला ती राहते. तिथला समुद्र मात्र थंड असतो. म्हणून भायखळ्याला काचेआड १६ ते १८ अंश तापमान राखतात. बाहेर सोडलं तर उकडेल, हे नातीचं म्हणणं खरंच आहे.

पुढच्या खेपेला कागद-पेन्सिल घेऊन जा. या पेंग्विनांच्या छातीवर काळे ठिपके असतात आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी असते. एकाचेच ठिपके तिला काढू द्या. सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन परत गेलात, तर आपला पेंग्विन ती स्वतः शोधून काढेल.